वाचनाच्या तासाला मिळालेले तारे

वर्गात सतत गोंधळ घालणाऱ्या लहान मुलाला नीट वागण्याबद्दल बक्षीस द्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या पालकसभेत दर वर्षी निघतो. काही पालकांना वाटते की हातावर चॉकलेट ठेवले की मूल आपोआप वळणावर येते. काहींच्या मते हे म्हणजे मुलाला लहानपणीच सौदा करायला शिकवणे आहे. वडोदऱ्यात प्राथमिक वर्गांना शिकवताना मला दोन्ही बाजूंत तथ्य आढळले आहे, तरीही माझे मत पक्के आहे. बक्षिसाची योजना खरोखर कामाची आहे, मात्र मूल तसे का वागते हे आधी शोधून काढले असेल आणि ती योजना एक दिवस काढून घ्यायची आहे हे सुरुवातीलाच ठरवले असेल तरच.

हे ज्याच्यामुळे मला सविस्तर लिहावेसे वाटले, तो मुलगा दुसरीत माझ्या वर्गात होता. वडिलांना मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून हे कुटुंब खानदेशातून इकडे आले. मुलाची पहिली मराठी शाळेत झाली होती. इथे घराजवळ मराठी शाळा नसल्यामुळे त्याला गुजराती माध्यमात घातले गेले. पहिल्या सत्रातच त्याच्याविषयी तक्रारींचा पाऊस सुरू झाला. तो बाकाखाली शिरून बसे, शेजाऱ्याचे खोडरबर पळवी, पुढच्या मुलाच्या दप्तराचा पट्टा ओढी, आणि रागावले की पाय आपटून मोठ्याने रडे. मुले घरी जाऊन सांगत, पालक फाटकापाशी मला गाठत, आणि इतर तासांना शिकवणारे सहकारी त्याला सरळ व्हरांड्यात उभे करत. गणिताच्या तासाला मात्र हाच मुलगा बोटांवर मोजून सर्वांच्या आधी उत्तर सांगत असे, आणि तेथेच मला पहिला धागा सापडला.

मी काही दिवस एका वहीत साध्या नोंदी ठेवल्या. गडबड सुरू होण्याच्या अगोदर वर्गात काय चालले होते, त्याने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला काय आले, एवढेच तीन रकाने. ‘फार त्रास देतो’ असे मी त्यात लिहिले नाही, कारण अशा वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘मोठ्याने वाचण्याची पाळी येण्याआधी बाकाखाली गेला’ असे लिहिले की पुढची वाट दिसू लागते. वही भरत गेली तसे चित्र स्पष्ट झाले. बहुतेक प्रसंग वाचनाच्या तासाचे होते, आणि तेही त्याची पाळी दोन-तीन मुलांवर येऊन ठेपल्यावरचे. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट होती: त्याला वर्गाबाहेर पाठवले गेले होते.

म्हणजे ज्याला आम्ही शिक्षा समजत होतो, ती त्याच्या दृष्टीने सुटका होती. गुजराती वाचता येत नाही ही लाज चाळीस मुलांसमोर उघडी पडण्यापेक्षा व्हरांड्यात उभे राहणे त्याला केव्हाही परवडणारे होते. ज्या कृतीनंतर प्राण्याला हवे ते मिळते ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा नियम मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस पेटीत कोंडलेल्या मांजरांच्या प्रयोगांतून मांडला आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी तो फार बारकाईने विस्तारला. यातला शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की नकोशी गोष्ट टळणे हेही एक बक्षीसच असते. एखादे मूल सर्वांचे लक्ष वेधण्यासाठी दंगा करते, तर दुसरे काम टाळण्यासाठी. वरवर दोघांचा दंगा सारखाच दिसतो, पण पहिल्यासाठी केलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि कित्येकदा त्रास वाढवतो.

म्हणून ताऱ्यांचा विचार करण्यापूर्वी वाचनाचे काम त्याच्या आवाक्यात आणणे भाग होते. गुजराती लिपीला शिरोरेघ नसते. तिची बरीच अक्षरे देवनागरीच्या जवळची असली तरी क, ख, ज यांसारख्या अक्षरांचे वळण इतके निराळे आहे की नुकताच देवनागरी वाचू लागलेला मुलगा तेथे अडखळतो. मी त्याला दोन्ही लिप्यांतील अक्षरांच्या जोड्यांचे तक्ते करून दिले. डावीकडे देवनागरी अक्षर, उजवीकडे गुजराती आणि खाली त्याच्या ओळखीच्या वस्तूचे चित्र. मोठ्याने वाचण्यासाठी त्याला पूर्ण धडा न देता दोन ओळी दिल्या, त्याही आदल्या दिवशी सांगून, आणि त्याची पाळी तासाच्या आरंभीच ठेवली, म्हणजे वाट पाहण्याचा ताण त्याच्यावर राहणार नाही. हे न करता केवळ तारे वाटत बसले असते तर मुलाला जे येतच नाही त्याची किंमत वाढवून सांगितल्यासारखे झाले असते. येत नसलेल्या गोष्टीबद्दल कितीही मोठे बक्षीस कबूल केले तरी ती गोष्ट येऊ लागत नाही.

त्यानंतर ताऱ्यांची चिठ्ठी आली. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर आखलेले काही चौकोन, आणि वर मराठीत त्याच्याच अक्षरात लिहिलेल्या दोन ओळी: ‘मी जागेवर बसून वाचेन. अडले तर हात वर करीन.’ या ओळी त्याच्याशी बोलून ठरवल्या होत्या. ‘मस्ती करणार नाही’ असे लिहू या, असे त्याने आधी सुचवले होते. पण काय करायचे नाही हे सांगून मुलाला काय करायचे ते कळत नाही, म्हणून आम्ही ते वाक्य बदलले. चिठ्ठी भिंतीवर न लावता त्याच्या कंपासपेटीच्या झाकणात ठेवली. भिंतीवरच्या तक्त्यावर ज्याच्या नावापुढची जागा रिकामी राहते त्याची रोज सर्वांसमोर शोभा होते, आणि ज्या मुलाचे सगळे दुखणे लाजेतून आलेले आहे त्याच्यासाठी तो तक्ता विषासारखा ठरतो. वाचनाच्या तासाला मी बाकांमधून फिरत असे, आणि तो ठरल्याप्रमाणे बसलेला दिसला की काही न बोलता लाल पेन्सिलीने एक तारा काढून पुढे जात असे. आरंभी हे फार लवकर लवकर करावे लागले. अगदी पहिल्या तासाला तर तो जागेवर बसून पुस्तक उघडतो आहे तेवढ्यातच मी तारा काढला. त्याने चिठ्ठीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पुस्तक सरळ केले.

पहिला तारा इतक्या सहज मिळावा याला कारण आहे. सतत बोलणी खाणाऱ्या मुलाला बक्षीस ही आपल्यासाठी असलेली वस्तू वाटतच नाही. उद्दिष्ट उंचावर ठेवले आणि पहिल्याच दिवशी ते हुकले, की तो योजनेवर फुली मारून मोकळा होतो. आज तो जेवढे करतो त्याच्या एक बोट वर उद्दिष्ट ठेवावे, आणि ते साधू लागले की हळूहळू चढवावे.

वडिलांनी त्याला वार्षिक परीक्षेत चांगले गुण मिळाल्यास सायकल घेऊन देण्याचे कबूल केले होते. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, पण सात वर्षांच्या मुलाला कित्येक महिन्यांनंतरची सायकल आज दुपारच्या वाचनाच्या तासाला काहीच मदत करत नाही. बक्षीस जितके दूर, तितका त्याचा जोर कमी. मी त्यांना सायकल बाजूला ठेवून संध्याकाळची गोष्ट ठरवायला सांगितले. ठरावीक तारे झाले की दिवसपाळी असेल त्या दिवशी वडिलांनी त्याच्याबरोबर गच्चीवर अर्धा तास घालवायचा. उत्तरायण जवळ आली होती, त्यामुळे पतंग उडवताना फिरकी धरण्याचा मान त्याला मिळू लागला. आठवड्याचे तारे पुरे झाले तर रविवारी कमाटीबागेत फेरी. शाळेतली बक्षिसे तर पूर्णपणे बिनखर्चाची होती: मधल्या सुट्टीची घंटा वाजवणे, हजेरीपत्रक कार्यालयात नेऊन देणे, शेवटच्या तासाला फळा पुसणे. खाऊ मी मुद्दाम ठेवला नाही. खाऊचे अप्रूप दोन दिवसांत ओसरते आणि तिसऱ्या दिवशी मोठे पाकीट लागते. जबाबदारीच्या कामाचे तसे होत नाही, कारण त्यातून मुलाला वर्गात एक जागा मिळते. ज्याला कालपर्यंत व्हरांड्यात उभे केले जात होते, तो आज सगळ्या शाळेची सुट्टी जाहीर करणारी घंटा वाजवतो, हा फरक पैशाने विकत घेता येणारा नाही.

आजींना हे पटत नव्हते. त्या एकदा शाळेत आल्या आणि मला स्पष्टच म्हणाल्या, “बाई, आम्ही पाच लेकरं वाढवली, कुणाला चांगलं वागायचे पैसे दिले नाहीत. यानं उद्या पाणी भरायला सांगितलं तर किती तारे देता असं विचारलं तर?” प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. मी त्यांना सांगितले की घरातल्या कामांना, मोठ्यांना मान देण्याला किंवा खरे बोलण्याला आपण तारे लावणार नाही; तारे फक्त त्या एका तासापुरते, जेथे त्याचे पाऊल अडले आहे. आणि कबूल केल्यानंतर दिलेले बक्षीस व रडणे थांबावे म्हणून दिलेला खाऊ यांतला फरकही सांगितला. मूल दुकानात लोळण घेते, आपण चिडून त्याला हवे ते देतो, आणि लोळण घेतल्यास मिळते हे ते शिकते. आजींनी ऐकून घेतले आणि जाताना एवढेच विचारले की एखाद्या दिवशी तो वाईट वागला तर मिळालेले तारे खोडायचे का. माझे उत्तर नाही असे होते आणि आजही नाही असेच आहे. कमावलेला तारा हा झालेल्या चांगल्या कामाचा पुरावा असतो, आणि नंतरच्या चुकीने ते काम झालेच नव्हते असे होत नाही. तारे खोडणारी योजना काही दिवसांत धमकीची योजना बनते, आणि सगळे तारे गेलेल्या मुलापाशी गमावण्यासारखे काही उरत नाही.

वर्गातील बाकीच्या मुलांचे काय, हा सर्वांत अवघड भाग. जे मूल रोज शांतपणे वाचते त्याने ‘मला का नाही’ असे विचारले तर त्याचे चुकते असे मला वाटत नाही. अमेरिकेतील एका चौथीच्या वर्गात केलेला आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे मला उपयोगी पडला. त्यात वर्गाचे दोन संघ केले होते. कोणी जागा सोडली किंवा मध्येच बोलले की त्याच्या संघाच्या नावे फळ्यावर खूण होई, आणि खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या की दोन्ही संघ जिंकू शकत. बक्षिसे अगदी साधी होती, जसे की जेवणाच्या रांगेत पुढे जाणे किंवा दिवसाच्या शेवटी मोकळा वेळ. गोंधळ लक्षणीय प्रमाणात कमी झाला, आणि हा खेळ आजही अनेक देशांत वापरला जातो. मी त्यातली सामूहिकता घेतली, पण चुकांच्या खुणा घेतल्या नाहीत, कारण माझ्या वर्गात त्या सगळ्या एकाच मुलाच्या नावावर पडल्या असत्या आणि चाळीस मुलांचा राग त्याच्यावर निघाला असता. टेबलावर काचेची बरणी ठेवली. कोणीही कोणाला मदत केली, हात वर करून विचारले, अडलेला शब्द सोडून न देता पुन्हा वाचला, की तीत एक मणी पडे, आणि पडलेला मणी परत निघत नसे. बरणी भरली की सगळ्या वर्गाला मैदानावर खेळायला एक तास. मणी पडल्याचा आवाज मुलांच्या कानात इतका बसला होता की त्या मुलाच्या वाचनानंतर तो आवाज आला की मागच्या बाकावरून टाळ्या येत.

बक्षिसांविरुद्धचा खरा युक्तिवाद मात्र आजींच्या शंकेपेक्षा खोल आहे, आणि गुजरातमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेला तो विसरून चालणार नाही. गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२०मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक तेथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. मुलाला शिक्षेची भीती नको आणि बक्षिसाचा लोभही नको, काम करण्यातला आनंद पुरेसा असतो, ही त्यांची भूमिका होती. ती मारिया माँटेसरी यांच्या अनुभवावर उभी होती. रोममधील त्यांच्या बालगृहात एका मुलाला पदक दिले होते आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीवर बसवले होते. पदकवाला आपल्या कामात इतका रमला होता की पदक गळून पडल्याचे त्याला भानही नव्हते. खुर्चीवरच्या मुलाने ते उचलून ‘मी घालू का’ असे विचारले तेव्हा त्याने ‘घाल’ म्हटले आणि तो पुन्हा कामाला लागला.

या निरीक्षणाला पुढे प्रयोगाचाही आधार मिळाला. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांचे गट केले. एका गटाला चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधीच सांगितले, दुसऱ्याला न सांगता नंतर दिले, तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा आधीच कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत घालवत होती, तर अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झाली नव्हती. जे मूल आपणहून करते आहे त्याला किंमत लावू नये, हा यातून मी घेतलेला धडा आहे. माझ्या विद्यार्थ्याला बैलांची चित्रे काढण्याचा नाद होता. शिंगे, झूल, घुंगरांची माळ असे सगळे तो बारकाईने काढे. त्या चित्रवहीत मी एकही तारा काढला नाही. तेथे मी प्रश्न विचारत असे, आणि तो खानदेशातल्या पोळ्याविषयी भरभरून बोलत असे. गिजुभाईंच्या बालमंदिरात मुले आपल्या गतीने, आपल्या आवडीचे साहित्य हाताळत होती. आमच्या वर्गात एकच पाठ्यपुस्तक, ठरलेले वेळापत्रक आणि ठरलेल्या महिन्यात परीक्षा असते. वाचनाची गोडी लागण्याआधीच ज्या मुलाला वाचनाची दहशत बसली आहे, त्याच्यापाशी जपण्याजोगी आवड अजून तयारच झालेली नसते, आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडा आधार देण्यात मला गिजुभाईंशी द्रोह वाटत नाही.

आधार म्हटला की तो काढण्याचा प्रश्न आलाच. स्लॅब भरताना खाली लावलेले सेंटरिंग जसे काँक्रीट पक्के झाल्यावर एकेक करून काढतात, तसेच हे करावे लागते. घाईने काढले तर सगळे खाली येते. आधी दर काही मिनिटांनी मिळणारा तारा अर्ध्या तासाला, मग पूर्ण तासाला मिळू लागला. तारे विरळ होत गेले तसे शब्द वाढवले, आणि तेही नेमके. ‘शाबास, हुशार आहेस’ यातून मुलाला काही कळत नाही. ‘आज तू “ज” ओळखलास आणि अडल्यावर थांबून पुन्हा वाचलेस’ यातून कळते. १९६८ साली अमेरिकेतच प्राथमिक वर्गांत केलेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की नुसते नियम सांगून फारसा परिणाम होत नाही. किरकोळ गडबडीकडे दुर्लक्ष करणे आणि योग्य वागण्याची लगेच दखल घेणे या दोन्हींच्या जोडीने वर्ग बदलतो, आणि त्यातही दखल घेणे महत्त्वाचे. माझा अनुभव याला पूर्णपणे दुजोरा देतो. चिठ्ठी हातात असल्यामुळे मलाही त्याच्या चांगल्या क्षणांचा शोध घ्यावा लागत होता.

पुढच्या टप्प्यात लाल पेन्सिल मी त्याच्याकडे दिली. तास संपला की तो स्वतः ठरवी, मी माझे मत वेगळ्या कागदावर लिही, आणि मग आम्ही दोन्ही पडताळून पाहू. एकदा माझ्या कागदावर तारा होता आणि त्याचा चौकोन रिकामा होता. विचारले तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही फळ्याकडं बघत होत्या, तेव्हा मी पुढच्या मुलाचं दप्तर ढकललं.” त्या दिवशी मी त्याच्या निर्णयावर माझा तारा चढवला नाही.

प्रत्येक मुलाच्या बाबतीत एवढ्याने भागते असे मी म्हणणार नाही. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, झोप पुरत नाही, घरात भीती आहे, वाचनात अध्ययन अक्षमता आहे किंवा लक्ष टिकतच नाही, अशी कारणे असतील तर तारे वाटण्यात वेळ घालवू नये आणि तपासणी करून घ्यावी. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, हे पालकांना अनेकदा सांगावे लागते. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे. मात्र छडी हातातून काढून घेतल्यावर त्या जागी काय करायचे, याचे पुरेसे प्रशिक्षण फार थोड्या शिक्षकांना मिळते, आणि मग व्हरांडा, टोमणे आणि पालकांना चिठ्ठी एवढेच उरते. मला याची मनापासून खंत वाटते.

तो मुलगा तिसरीत गेला तेव्हा त्याच्या नव्या वर्गशिक्षिकेने माझ्याकडे ताऱ्यांची चिठ्ठी मागितली. मी ती दिली नाही. त्याऐवजी एका कागदावर लिहून दिले की वाचनाची पाळी तासाच्या सुरुवातीला द्यावी, ओळी आदल्या दिवशी सांगाव्यात, जोडाक्षरांत तो अजून अडखळतो तेथे थांबून वेळ द्यावा, बरे वाचले तर काय बरे झाले ते नेमके सांगावे, आणि काहीही झाले तरी त्याला वर्गाबाहेर पाठवू नये.